बैठकीत पेंगणारे राष्ट्राध्यक्ष

विल्यम हॉवर्ड टाफ्ट १९०९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्या काळात त्यांचे वजन दीडशे किलोच्या घरात होते. माणूस कामसू; पण बैठकीत, पत्ते खेळताना, उघड्या मोटारीतून जाताना, अगदी अंत्यविधीतही त्यांचा डोळा लागे. घोरणे आणि वाढलेला रक्तदाब होताच. लोकांना हसू येई. (आपल्याकडेही घोरणाऱ्याला गाढ झोप लागली असेच समजतात!) आजचे डॉक्टर याला स्लीप ॲप्निया म्हणतील. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, प्राणवायू उतरतो आणि मेंदू पुन्हा पुन्हा जागा होतो.

१९१३ मध्ये पद सुटले. टाफ्ट यांनी खाण्यावर ताबा आणून वर्षभरात २५ किलोंहून अधिक वजन उतरवले. दिवसाची पेंग गेली. १९२१ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. ही दोन्ही पदे भूषवणारे ते एकटेच. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र १९८१ मध्ये सिडनीतून जगापुढे आले, तेही व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर. आज ते अनेकांच्या खिशाला जड जाते. टाफ्ट यांचा उपाय स्वस्त खरा, पण घसा सडपातळ माणसांचाही मिटतो, आणि त्यांना वजन उतरवून भागत नाही.