महावीरचक्राचे मानकरी शिपाई पांडुरंग साळुंखे

कृष्णाकाठच्या मातीने महाराष्ट्रास जसे क्रांतिवीर दिले, तसेच भारतीय सैन्यास शूर जवानही दिले. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले, परंतु घरचा मुलगा पलटणीत धाडण्याची परंपरा दोहींकडे अखंड राहिली. साताऱ्याजवळील अपशिंगे या एकाच गावच्या ४६ जवानांनी पहिल्या महायुद्धात प्राण वेचले.

याच परंपरेतील एक तेजस्वी नाव म्हणजे तासगाव तालुक्यातील मणेराजुरीचे सुपुत्र पांडुरंग साळुंखे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या १५ व्या बटालियनमध्ये ते शिपाई होते. शिपाई हा पायदळातील सर्वांत खालचा हुद्दा. हुकूम देण्याचा अधिकार त्यास नसतो. चढाईत मात्र पहिली गोळी झेलण्याची वेळ बहुधा त्याच्यावरच येते.

३ डिसेंबर १९७१ रोजी सायंकाळी पाकिस्तानी विमानांनी भारतीय विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धास तोंड फुटले. पंजाब सीमेवरील बुर्ज हे ठाणे शत्रूच्या हातून घेण्याची कामगिरी १५ मराठा बटालियनकडे आली. ६ डिसेंबरच्या त्या चढाईत शत्रूचा रॉकेट लाँचर आपल्या जवानांच्या जिवावर उठला होता. तो थोपविल्याशिवाय सोबत्यांची धडगत नव्हती. पांडुरंग साळुंखे यांनी जिवाची पर्वा न करता थेट त्यावर झेप घेतली व ते शस्त्र शत्रूच्या हातून हिसकावून घेतले. त्याच क्षणी शत्रूच्या गोळ्यांनी त्यांचा वेध घेतला आणि हा तरुण वीर धारातीर्थी पडला.

अवघ्या दहा दिवसांनी, १६ डिसेंबर रोजी, ढाका येथे पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. सुमारे ९३ हजार युद्धकैदी भारताच्या हाती आले व बांगलादेश स्वतंत्र झाला. हा विजय पाहणे साळुंखे यांच्या नशिबी नव्हते. राष्ट्राने त्यांना मरणोत्तर महावीरचक्र अर्पण केले. युद्धकाळातील शौर्यासाठी परमवीरचक्राखालोखाल हाच सन्मान होय.

कराड येथे याच विजयाच्या स्मरणार्थ विजय दिवस समारोह भरत आला आहे. विजयाचा उत्सव करताना तो ज्यांना पाहता आला नाही, त्यांचे नाव व गाव पुढील पिढीस सांगणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे. या वीराच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन !