देवरुखच्या पार्वतीबाई आठवले

रत्नागिरीहून निघालेली सडक चार-पाच कोसांवर हातखंब्यास येऊन मुंबई-गोव्याच्या हमरस्त्यास मिळते. तेथून पालीपर्यंत गेले म्हणजे कोल्हापूरकडे जाणारा फाटा लागतो, आणि त्या वाटेने साखरप्याच्या बाजूस आले की देवरुख फारसे दूर राहत नाही. काही दिवसांपूर्वी हातखंब्याच्या आसपासच्या मंडळीस भेटण्यास आम्ही गेलो होतो. तेथील एका उपदेशकांची पत्नी, वयाने पन्नाशीच्या पुढे गेलेली, आजाऱ्याच्या उशाशी रात्र रात्र बसते, भांडणाऱ्या जावांची समजूत घालते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले. स्त्रियांच्या सभेत तिने चार शब्द बोलावे असे आम्ही सुचविले, तो ती बाई घाबरून गेली. आपण अडाणी, आपणांस वाचता येत नाही, आपल्यात असे आहे तरी काय, असे म्हणून तिने तोंडावर पदर घेतला. आम्हांस त्या वेळी चटकन उत्तर सुचले नाही. परत कोल्हापूरच्या वाटेस लागल्यावर देवरुखची पाटी दिसली, आणि तेव्हा आम्हांस त्या गावच्या एका स्त्रीचे स्मरण झाले. तिची हकीगत आम्ही त्या भगिनीसाठी, आणि तिच्यासारख्या ज्या कोणी असतील त्यांच्यासाठी, येथे देत आहो.

ही स्त्री म्हणजे पार्वतीबाई आठवले. त्या आमच्या धर्माच्या नव्हत्या. जन्मभर आपल्या पूर्वजांच्या धर्मातच राहिल्या. त्यांचा जन्म १८७० साली देवरुख येथे जोशी यांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव कृष्णा. घर ब्राह्मणाचे, जुन्या वळणाचे व गरिबीचे. त्या काळी अशा घरातील मुलीस अक्षरओळख करून देण्याची चाल नव्हती. पाणी भरणे, शेणगोठा, दळणकांडण, धाकट्या भावंडांस सांभाळणे हीच तिची शाळा. कोंकणातील आमच्या वाचकांस ह्या शाळेचे वर्णन करून सांगण्याचे कारण नाही.

वयाच्या ११ व्या वर्षी कृष्णाचे लग्न महादेव आठवले ह्या गृहस्थांशी झाले. ते एका पायाने अधू होते. नोकरीनिमित्त त्यांचे राहणे गोव्यात असे, म्हणून पार्वतीबाईही तेथे जाऊन संसार करू लागल्या. नवरा मायाळू होता. पुढे ऐन २० व्या वर्षी त्यांस वैधव्य आले. पदरी नारायण नावाचा एक लहान मुलगा उरला. त्यास घेऊन त्या देवरुखास वडिलांच्या घरी परतल्या. रूढीप्रमाणे त्यांचे केशवपन झाले, अंगावर आलवण आले, आणि घरातील सर्वांच्या आधी उठून सर्वांच्या मागून जेवणाऱ्या अशा ज्या हजारो बाया त्या काळी होत्या, त्यांत आणखी एकीची भर पडली. त्याच घरात त्यांची वडील बहीण गोदूबाई हीही बालविधवा होती. लग्न म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तिचे कुंकू पुसले गेले होते.

गोदूबाईची वाट निराळ्या दिशेस वळली. त्यांचे बंधू मुंबईस शिकत होते. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईस शारदासदन उघडले, तेव्हा बंधूंनी गोदूबाईस तेथे पोचविले. सदनातील अगदी पहिल्या विद्यार्थिनींत त्यांची गणना होते. ह्या बंधूंचे स्नेही धोंडो केशव कर्वे हे मुरुडचे, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचेच. कर्वे १८९१ साली पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास गेले. त्याच साली त्यांची पहिली पत्नी वारली. पुनः लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांचा व गोदूबाईंचा विवाह झाला. मुरुडच्या लोकांनी कर्व्यांस वाळीत टाकले. इकडे देवरुखास जोशांच्या घरावरही लोकांचा रोष ओढवला. आईबापांनी मान खाली घातली. वाळीत पडणे म्हणजे काय हे आमच्या मंडळीतील पुष्कळ घरांस आजोबा-पणजोबांच्या तोंडून ठाऊक आहे. विहिरीवर, तेरवीस, लग्नकार्यात त्याचा डंख कसा बसतो हे त्यांस विचारावे.

ह्या गडबडीत पार्वतीबाई कोठे होत्या? त्या देवरुखास, सोवळ्यात, मुलास घेऊन. बहिणीने केले ते त्यांस रुचले नव्हते. पुनर्विवाह हा अधर्म, अशीच त्यांची समजूत होती. म्हणजे आज ज्या स्त्रीचे चरित्र आम्ही सांगत आहो, तिच्याकडे १८९३ साली कोणी बोट दाखविले असते, तर त्यास एक निरक्षर, केशवपन झालेली, भेदरलेली व जुन्या मताची विधवा एवढेच दिसले असते. तीही स्वतःस त्याहून अधिक मानीत नव्हती. अंगात काय आहे ते अजून कोणी मागितलेच नव्हते, आणि मागितल्यावाचून ते दिसावे कसे?

मागणी आली ती १८९६ साली. त्या वर्षी कर्व्यांनी पुण्यास विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पार्वतीबाई त्या वेळी २६ वर्षांच्या होत्या. मुलाच्या शिक्षणाची काळजी त्यांच्या मनास लागली होती. देवरुखास राहून त्याचे काय होणार, हा प्रश्न होता. त्या पुण्यास आल्या आणि आश्रमात मुळाक्षरांपासून शिकू लागल्या. शेजारी बसणाऱ्या मुली त्यांच्या निम्म्या वयाच्या. वाचकहो, मोठ्या माणसाने लहान मुलांमध्ये बसून अ आ इ ई गिरविणे ही गोष्ट सोपी नाही. शेतात नांगर धरणारा हात पाटीवरील पेन्सिलीस घाबरतो, हे रात्रशाळा चालविणाऱ्या आमच्या उपदेशकांनी अनेकदा पाहिले असेल. पार्वतीबाईंनी ती लाज गिळली. त्या विदुषी झाल्या नाहीत. पुस्तकी अभ्यासात त्यांची गती बेताचीच राहिली, आणि हे त्यांस स्वतःसही कळून चुकले. परंतु वाचता आले, लिहिता आले, आणि शिकता शिकता त्या शिकविण्याच्या व देखरेखीच्या कामातही पडल्या.

१९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. गणेश गोविंद गोखले ह्या सद्गृहस्थांनी तेथे सहा एकर जमीन दिली होती. आरंभी एक झोपडी, भोवती माळ व झुडपे, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवीत आणि संध्याकाळी चिखल तुडवीत चालत हिंगण्यास येत. सुटी लागली की वर्गणीसाठी गावोगाव हिंडत. कर्वे हे वक्ते नव्हते. स्वभावाने भिडस्त, आवाज लहान. त्यांचे बळ चिकाटीत, चालण्यात व पैशापैशाच्या चोख हिशेबात होते, आणि त्या बळावरच त्यांनी भरवसा ठेवला. आगरकरांसारखी लेखणी किंवा रानड्यांसारखी विद्वत्ता आपल्यापाशी नाही म्हणून ते खंत करीत बसले नाहीत. पार्वतीबाईंस घरच्या घरी हा कित्ता गिरविण्यास मिळाला.

आश्रमास पैसा हवा होता आणि एकटे कर्वे पुरे पडत नव्हते. पार्वतीबाईंनी वर्गणी मिळविण्याचे काम अंगावर घेतले. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील खरे वळण हे होय, पाटी-पेन्सिलीपेक्षाही मोठे. विचार करा. केशवपन केलेली विधवा सकाळी समोर आली तर अपशकुन मानून लोक वाट सोडीत. त्या स्त्रीने परक्या गावी जाऊन वकिलाच्या, सावकाराच्या, मामलेदाराच्या ओटीवर उभे राहावयाचे, आणि विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागावयाचे! पुढे सभा भरवून पुरुषांच्या देखत बोलावयाचे. असे बोलण्याचे शिक्षण त्यांस कोणी दिले नव्हते. परंतु ज्या दुःखाविषयी बोलावयाचे ते त्यांनी भोगले होते, ज्या घरांविषयी बोलावयाचे त्याच घरांत त्या वाढल्या होत्या. पुस्तकी मराठी त्यांच्यापाशी नव्हती. देवरुखच्या माजघरातील मराठी होती, आणि ती घरोघरच्या बायकांच्या काळजास भिडे. त्या बोलू लागल्या की लोक ऐकत. हे त्यांस एकदा दिसून आल्यावर त्यांनी ते काम सोडले नाही. वर्षानुवर्षे त्या हिंडल्या, महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही. कोठे पैसे मिळाले, कोठे शिव्या मिळाल्या. दोन्ही घेऊन त्या हिंगण्यास परत येत.

येथे एक गोष्ट आम्हांस लक्षात घेण्यासारखी वाटते. त्यांचे मुंडण केलेले मस्तक हेच जुन्या वळणाच्या घरात शिरण्याचे दार होते. सनातनी माणूस म्हणे, ही तर आमच्यातलीच, सोवळी बाई. हिचे ऐकावयास हरकत नाही. म्हणून १९१२ च्या सुमारास त्यांनी केशवपन बंद करण्याचे ठरविले, तेव्हा त्यात धोका होता. कामास लागणारा लोकांचा विश्वासच त्या पणास लावीत होत्या. २० वर्षांहून अधिक काळ पाळलेली चाल, वयाची चाळिशी उलटलेली. आता केस वाढवून काय मिळवावयाचे, असे विचारणारे पुष्कळ निघाले. मिळवावयाचे काहीच नव्हते. जी चाल तरुण विधवांवर लादली जाऊ नये असे त्या मानू लागल्या, ती स्वतः पाळीत राहणे त्यांस खोटेपणाचे वाटले, इतकेच. टीका झाली, त्यांनी ती सोसली. कामही चालू राहिले.

आणखी एक साहस राहिले होते. हिंदुस्थानभर काम करावयाचे तर इंग्रजी आले पाहिजे, असे त्यांस वाटे. आश्रमाच्या धावपळीत ते साधेना. पुस्तक उघडावे तो कोणी तरी हाक मारी. १९१८ साली, महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी, वयाच्या ४८ व्या वर्षी त्या एकट्या अमेरिकेस निघाल्या. हाती पैसा थोडा, इंग्रजी त्याहून थोडे. तेथे पोट भरण्यासाठी त्यांनी लोकांच्या घरी मोलकरणीचे काम पत्करले. देवरुखच्या उच्च कुळातील स्त्री परदेशात परक्यांची भांडी घाशीत होती, फरशी पुशीत होती! आपल्या देशात हलक्या समजल्या गेलेल्या कामावर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले, त्या आमच्या वाचकांस ह्यात आश्चर्य वाटणार नाही. परंतु त्या काळच्या पुण्यास फार वाटले. पार्वतीबाईंस मात्र त्यात कमीपणा दिसला नाही. लहानपणी शेणगोठ्याच्या शाळेत जे हात तयार झाले होते, तेच परमुलखात उपयोगी पडले. आजारपण आले, एकटेपण आले, शाकाहारामुळे खाण्याचे हाल झाले. सुमारे दोन वर्षे काढून त्या १९२० साली परत आल्या आणि पुनः हिंगण्याच्या कामास लागल्या. मुलगा नारायण हाही मोठा होऊन त्याच संस्थेच्या कामात आला होता.

पार्वतीबाईंची सर्वच मते आम्हांस पटतात असे नाही. स्त्रीचे मुख्य कार्य घर व मुले हेच होय, आणि स्त्रीशिक्षण त्यास अनुसरून असावे, असे त्या शेवटपर्यंत म्हणत. ज्या स्त्रीने स्वतः घर सोडून दोन खंडांत काम केले, तिने असे म्हणावे ह्याची आम्हांस गंमत वाटते. बहिणीचा पुनर्विवाह पुढे त्यांनी मनाने मान्य केला, तरी स्वतः मात्र पुनर्विवाह केला नाही. माणूस एका अंगाने वाढते आणि दुसऱ्या अंगाने जुनेच राहते. आमच्याही मंडळीत हे दिसते, आणि त्यासाठी कोणास हिणवू नये.

१९२८ साली त्यांनी माझी कहाणी हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत जिला अक्षर ठाऊक नव्हते, तिच्या हातचे हे पुस्तक. त्याचे इंग्रजी भाषांतर जस्टिन अॅबट साहेबांनी केले आणि ते १९३० साली अमेरिकेत छापले गेले. अॅबट साहेब हे अमेरिकन मराठी मिशनचे. तुकोबा व इतर संतांची चरित्रे इंग्रजीत नेणारे तेच. मिशनऱ्याने हिंदू विधवेचे पुस्तक उचलून जगापुढे ठेवावे, ह्यात दोघांचाही मोठेपणा आहे. ज्या देशात त्यांनी भांडी घासली, त्याच देशातील लोक आता त्यांचे चरित्र वाचू लागले.

१९५५ साली, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कर्वे त्यांच्यामागे आणखी ७ वर्षे जगले. हिंगण्याच्या झोपडीची पुढे मोठी संस्था झाली. तिच्या शाळा व कॉलेजे पुण्यात आजही चालू आहेत.

माझी कहाणीची एक प्रत आम्ही मिळविली आणि हातखंब्याच्या त्या भगिनीकडे पाठविली आहे. तिला वाचता येत नाही हे खरे. परंतु तिची नात इयत्ता सातवीत आहे, आणि रोज दिवेलागणीनंतर दोन पाने वाचून दाखविण्याचे तिने कबूल केले आहे. पुस्तकातील देवरुखच्या घराचे वर्णन ऐकून, ते घर कोणत्या आळीत असेल ह्याची चौकशी आजीने सुरू केल्याचे आम्हांस उपदेशकांच्या पत्रावरून कळते.