क्रिकेटवीर कर्नल सी. के. नायडू

सन १९२६ च्या डिसेंबर महिन्याची पहिली तारीख. मुंबईच्या जिमखान्याच्या मैदानावर इंग्लंडहून आलेला एम. सी. सी. चा संघ आणि हिंदूंचा संघ यांच्यात सामना चालू होता. पाहुण्यांच्या गाय अर्ल या फलंदाजाने आदल्या दिवशी आठ षटकार ठोकून १३० धावा काढल्या होत्या, आणि अशा तडाख्यापुढे हिंदूंचा निभाव कसा लागणार, या चिंतेने प्रेक्षक म्लान झाले होते. इतक्यात एक उंच, ताठ बांध्याचा, सैनिकाप्रमाणे दमदार पावले टाकणारा फलंदाज मैदानात उतरला आणि पाहता पाहता सामन्याचे रूप पालटले. चेंडूमागून चेंडू आकाशात उंच उडून सीमेपार पडू लागला. ही वार्ता शहरात पसरताच लोक हातातील कामे टाकून मैदानाकडे धावले. दोन तासांच्या आत त्या वीराने १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार आणि १३ चौकार होते. हा वीर म्हणजेच कोट्टारी कनकय्या नायडू. एम. सी. सी. ने त्यांना चांदीची बॅट देऊन त्यांच्या पराक्रमाचा गौरव केला.

त्या काळी देश परतंत्र होता. क्रिकेट हा राज्यकर्त्यांचा खेळ, तो त्यांनी शिकवावा आणि आपण शिकावा, अशीच समजूत रूढ होती. त्या दिवशी मैदानावर जमलेल्या लोकांना मात्र एक नवी गोष्ट कळून आली. संधी मिळाली तर आपला माणूसही कोणापुढे उणा पडत नाही, हीच ती गोष्ट होय. या दौऱ्याने भारतीय क्रिकेटविषयी इंग्रज खेळाडूंचाही आदर वाढला आणि १९२८ मध्ये भारताच्या क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे तेलुगुभाषी. परंतु ते नागपुरात स्थायिक झाले होते. तेथेच त्यांच्या खेळाची जडणघडण झाली. १९१६ मध्ये मुंबईच्या सामन्यांत हिंदूंच्या संघातून ते प्रथम युरोपियनांविरुद्ध उतरले, तेव्हा संघाचे सात गडी बाद झाले होते. नवख्या खेळाडूचे हातपाय गळावेत असाच तो प्रसंग होता. नायडूंनी पहिले तीन चेंडू शांतपणे अडविले आणि चौथ्या चेंडूवर षटकार मारला! प्रथम पारख, मग प्रहार, हे त्यांच्या खेळाचे सूत्र त्या चार चेंडूंतच प्रकट झाले होते. १९२३ मध्ये इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना आपल्या पदरी बोलावून सैन्यात अधिकारपद दिले. पुढे ते कर्नल या पदवीने सर्वत्र ओळखले जाऊ लागले.

योगायोग असा, की ज्या १८९५ साली नायडू जन्मले, त्याच साली अमेरिकेत बेब रूथ हा बेसबॉलपटू जन्मला. बेसबॉलमध्ये चेंडू कुंपणापलीकडे टोलविला, की त्यास होमरन म्हणतात. १९२७ च्या एकाच हंगामात रूथने असे ६० फटके मारले, आणि तो उच्चांक १९६१ पर्यंत अबाधित राहिला. दोघांचे देश निराळे, खेळही निराळे. परंतु उंच उडालेला चेंडू झेलला जाण्याचे भय मनात न आणता निर्धाराने फटका मारणे, हे दोघांचेही वैशिष्ट्य होते.

१९३२ मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला. राजघराण्यातील पुरुषानेच नेतृत्व करावे, अशी तेव्हाची रीत होती. त्याप्रमाणे पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि लिंबडीचे राजकुमार उपकर्णधार होते. परंतु आपल्यापेक्षा योग्य खेळाडूला स्थान मिळावे म्हणून महाराज स्वतः बाजूला झाले. उपकर्णधार जायबंदी झाले होते. अशा रीतीने २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्‌सच्या मैदानावर भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यात नेतृत्वाची धुरा नायडूंच्या खांद्यावर आली. राजकुलात न जन्मलेल्या माणसाच्या आज्ञेत खेळणे संघातील काहींना रुचले नाही. नायडूंनी त्याचे उत्तर शब्दांनी दिले नाही. क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या हाताला दुखापत झाली, तरीही पहिल्या डावात भारतातर्फे सर्वाधिक, म्हणजे ४० धावा त्यांनीच काढल्या. भारत १५८ धावांनी हरला खरा. पण इंग्लंडचे पहिले तीन गडी अवघ्या १९ धावांत गारद करणाऱ्या या संघाची दखल सर्वांनाच घ्यावी लागली. त्या दौऱ्यातील २६ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत नायडूंनी १,६१८ धावा केल्या आणि ६५ गडी बाद केले. 'विस्डेन' या प्रसिद्ध वार्षिकाने १९३३ मध्ये वर्षातील श्रेष्ठ खेळाडूंत त्यांची गणना केली.

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधारपद पुन्हा एका राजपुरुषाकडे गेले. नायडू साधे खेळाडू म्हणून गेले आणि मन लावून खेळले. ओव्हलच्या कसोटीत ॲलनचा वेगवान चेंडू त्यांच्या छातीवर आदळला. त्या आघातानेही ते डगमगले नाहीत. ८१ धावा काढूनच ते परतले. कसोटीतील हीच त्यांची सर्वोच्च धावसंख्या होय.

पुढे होळकर संघाला त्यांनी शिस्तीचे बळ दिले आणि त्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांनी बडोद्याविरुद्ध २०० धावा केल्या. ज्या वयात इतर लोक विश्रांतीची वाट पाहतात, त्या एकसष्टाव्या वर्षीही ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळत होते. १९५६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले.

उच्चांक आज होतात आणि उद्या मोडतात. अकरा षटकारांहून अधिक षटकार मारणारे फलंदाज पुढे झाले, आणखीही होतील. परंतु पराधीन देशातील माणसांना मान वर करून आकाशात उंच उडणारा चेंडू पाहण्यास ज्याने शिकविले, त्या कर्नल नायडूंचे स्थान अढळ आहे. निर्भयतेला शिस्तीची जोड मिळाली म्हणजे जन्माने न मिळालेला मान कर्तृत्वाने मिळतो, हेच त्यांच्या चरित्राचे सार होय.