ऑगस्टीन : क्षमेचा उपदेश आणि राज्याची तलवार

१. उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• ऑगस्टीनच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• युद्ध व देहदंड यांविषयीची त्याची भूमिका कोणत्या परिस्थितीत घडली, हे स्पष्ट करता येईल.
• तत्त्व म्हणून मान्य केलेली गोष्ट आणि प्रत्यक्ष प्रसंगी केलेले वर्तन यांतील ताण ओळखता येईल.

२. प्रास्ताविक

शत्रूवर प्रेम करावे, अपकार करणाऱ्याला क्षमा करावी, ही येशू ख्रिस्ताची शिकवण सर्वपरिचित आहे. ही शिकवण मानणाऱ्याने सैनिक व्हावे काय? न्यायासनावर बसून एखाद्याला मृत्यूची शिक्षा सुनवावी काय? पहिल्या तीन शतकांत बहुतेक ख्रिस्ती लेखकांचे उत्तर नकाराकडे झुकलेले होते. कार्थेजच्या टर्टुलियनने लष्करी सेवेला विरोध केला. लॅक्टॅन्शियसने तर कायद्याने दिलेल्या मृत्युदंडालाही मनुष्यवधच मानले. अर्थात त्या काळी ख्रिस्ती समाज अल्पसंख्य होता आणि राज्यसत्ता त्याच्या हाती नव्हती.

इ. स. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. ३८० मध्ये सम्राट थिओडोशियसने त्याला राजधर्माचे स्थान दिले. आता सम्राट, सेनापती आणि न्यायाधीश हेच ख्रिस्ती होते. सीमेवर शत्रू आला तर काय करावे आणि खुनी माणसाला कोणती शिक्षा द्यावी, हे प्रश्न श्रद्धावंतांना टाळता येईनासे झाले. या प्रश्नांना दिलेले सर्वांत प्रभावी उत्तर उत्तर आफ्रिकेतील एका बिशपचे आहे. त्याच्या उत्तराचा अभ्यास त्याच्या चरित्रापासून वेगळा काढून करता येत नाही.

३. जन्म, शिक्षण आणि धर्मांतर

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी थागास्ते या गावी झाला. आज हे ठिकाण अल्जीरियात असून सूक अहरास या नावाने ओळखले जाते. वडील पॅट्रिशियस हे बेताच्या मिळकतीचे गृहस्थ होते. त्यांनी आयुष्याच्या अखेरीस ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आई मोनिका ही पहिल्यापासून निष्ठावंत ख्रिस्ती होती. मदौरा आणि नंतर कार्थेज येथे त्याचे शिक्षण झाले. वक्तृत्वशास्त्र हा त्याचा विषय. शब्दांनी माणसांची मने कशी वळवावी, हे तो शिकला आणि पुढे शिकवूही लागला.

तारुण्यात सिसेरोच्या ग्रंथाने त्याला तत्त्वज्ञानाची ओढ लावली. त्यानंतर सुमारे नऊ वर्षे तो मानीच्या पंथाचा अनुयायी होता. जगात प्रकाश आणि अंधार अशी दोन परस्परविरोधी तत्त्वे झगडत आहेत, असे हा पंथ मानी. ३८३ मध्ये तो रोमला गेला आणि पुढच्या वर्षी मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक झाला. तेथील बिशप अँब्रोझ याच्या प्रवचनांनी त्याच्यावर खोल परिणाम केला. ३८६ मध्ये त्याचे मनःपरिवर्तन झाले आणि ३८७ च्या ईस्टरच्या वेळी त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी मोनिका मरण पावली.

आफ्रिकेत परतल्यावर त्याला एकांतात चिंतन करावयाचे होते. पण ३९१ मध्ये हिप्पो या बंदराच्या गावी तेथील लोकांनी आग्रहाने, जवळजवळ बळजबरीने, त्याला धर्मगुरू केले. चार-पाच वर्षांतच तो बिशप झाला. त्या काळी बिशपला केवळ प्रवचन करून भागत नसे. जमिनीचे, वारसाचे, कर्जाचे तंटे त्याच्यापुढे येत. दंड कसा द्यावा आणि दया कोठे करावी, हा प्रश्न त्यामुळे रोजच्या कामातच त्याच्यासमोर उभा राहिला.

४. आज्ञेचा अर्थ आणि युद्धाचा प्रश्न

दहा आज्ञांमधील मनुष्यवधाविषयीची आज्ञा मराठी बायबलमध्ये 'खून' या शब्दाने येते. 'खून' म्हणजे अन्यायाने केलेला वध. रणांगणावरील सैनिकाच्या कृतीला आपण सहसा खून म्हणत नाही. म्हणजे मराठी वाचकाला प्रश्नाचे अर्धे उत्तर भाषांतरातच मिळून जाते. ऑगस्टीन वाचत असलेल्या लॅटिन पाठात मात्र 'ठार मारणे' या व्यापक अर्थाचे क्रियापद होते. त्यामुळे या आज्ञेला अपवाद आहेत काय, हे त्याला स्वतःला ठरवावे लागले.

मानीपंथीय फाउस्टस याचे खंडन करताना त्याने हा विचार प्रथम विस्ताराने मांडला. जुन्या करारातील मोशेने युद्धे केली, म्हणून तो करार त्याज्य होय, असा त्या पंथाचा आक्षेप होता. ऑगस्टीनचे उत्तर असे की, कधी ना कधी मरणारी माणसे युद्धात मरतात, हे युद्धातील खरे पाप नव्हे. क्रौर्य, सूडबुद्धी आणि सत्तेची हाव ही खरी पापे होत. दुसरा गाल पुढे करण्याची आज्ञा त्याने अंतःकरणाच्या वृत्तीला लावली. हातात शस्त्र असतानाही मनात द्वेष नसणे शक्य आहे, असे त्याचे म्हणणे होते. शस्त्र उचलण्याचा अधिकार मात्र राज्यकर्त्याचा, खाजगी माणसाचा नव्हे. स्वतःचा जीव वाचविण्यासाठी सामान्य माणसाने दुसऱ्याला मारणेही त्याला मान्य नव्हते.

२४ ऑगस्ट ४१० रोजी अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले. ख्रिस्ती धर्माच्या क्षमाशीलतेमुळेच साम्राज्य दुबळे झाले, असा आरोप होऊ लागला. त्याला उत्तर म्हणून ऑगस्टीनने 'ईश्वराचे नगर' हा बावीस भागांचा ग्रंथ ४१३ ते ४२६ या काळात लिहिला. त्यात ईश्वराच्या आदेशाने होणारे युद्ध आणि कायद्यानुसार दिलेला देहदंड हे मनुष्यवधाच्या आज्ञेचे अपवाद म्हणून त्याने नोंदविले. याच ग्रंथात पुढे तो असेही सांगतो की, न्याय्य युद्धाची वेळ आली तरी शहाणा माणूस त्या अपरिहार्यतेबद्दल शोकच करील. ज्याला असा शोक होत नाही, त्याची माणुसकीच हरपलेली असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : 'खून' आणि 'ठार मारणे' यांतील अर्थभेद ऑगस्टीनच्या प्रश्नाशी कसा निगडित आहे?

५. मार्सेलिनसचे प्रकरण

तत्त्व मान्य करणे एक आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचा जीव घेऊ देणे दुसरे. हा भेद ४११ ते ४१३ या वर्षांत ऑगस्टीनच्या अनुभवाला आला.

आफ्रिकेतील ख्रिस्ती समाजात त्या वेळी जवळजवळ शंभर वर्षांची फूट होती. डोनॅटिस्ट पक्षाचे लोक स्वतःलाच शुद्ध धर्मसभा मानीत. त्यांच्यातील काही टोळ्या विरोधी धर्मगुरूंवर हल्ले करीत. एकदा ऑगस्टीनही त्यांच्या सापळ्यातून वाचला, तो केवळ वाटाड्याचा रस्ता चुकला म्हणून. ४११ मध्ये कार्थेज येथे दोन्ही पक्षांचे मिळून पाचशेहून अधिक बिशप एकत्र आले. सम्राटाचा अधिकारी मार्सेलिनस या सभेचा अध्यक्ष होता आणि त्याने डोनॅटिस्टांविरुद्ध निर्णय दिला. मार्सेलिनस हा ऑगस्टीनचा जवळचा मित्र. 'ईश्वराचे नगर' या ग्रंथाचा आरंभ त्यालाच उद्देशून झाला आहे.

त्यानंतर लौकरच एक भीषण खटला मार्सेलिनसपुढे आला. काही डोनॅटिस्टांनी रेस्टिट्यूटस नावाच्या धर्मगुरूचा खून केला होता. इनोसेंटियस नावाच्या दुसऱ्या धर्मगुरूचा डोळा काढून बोट तोडले होते. आरोपींनी गुन्हा कबूल केला होता आणि कायद्याप्रमाणे देहदंड ठरलेला होता. मारलेला माणूस ऑगस्टीनच्याच धर्मगुरूंपैकी होता. तरीही ऑगस्टीनने मार्सेलिनसला आणि त्याचा भाऊ, प्रांताधिपती अप्रिंजियस याला पत्रे लिहून विनविले की, या माणसांचा जीव घेऊ नये आणि त्यांचे अवयवही तोडू नयेत. त्यांना कैदेत ठेवून उपयुक्त कामाला लावावे; ख्रिस्ताच्या सेवकांनी सोसलेल्या यातनांची परतफेड तशाच यातनांनी होऊ नये, असा त्याचा आग्रह होता.

पुढे मॅसिडोनियस या अधिकाऱ्याने त्याला विचारले की, दोषी ठरलेल्यांसाठी बिशपांनी रदबदली करणे हा धर्माचा भाग कसा? ऑगस्टीनने उत्तरात न्यायाधीशाची तलवार निरर्थक नाही, तिच्या धाकामुळे सज्जन निर्भयपणे जगतात, हे मान्य केले. मात्र माणसाला सुधारण्याची संधी याच जन्मात असते. जीव घेतला की तीही संपते, असे त्याने दाखवून दिले. न्यायाधीशाची कठोरता आणि बिशपची याचना या दोन्हींना त्याने स्थान दिले.

४१३ च्या सप्टेंबरमध्ये नियतीने हाच प्रश्न उलटा केला. हेराक्लियन या सेनानीचे बंड मोडल्यावर त्यात सामील असल्याच्या आरोपावरून मार्सेलिनस आणि अप्रिंजियस यांना अटक झाली. ऑगस्टीन त्यांना तुरुंगात भेटला. त्यांचा जीव वाचावा म्हणून त्याने व इतर बिशपांनी खटपट केली. पण दोघांनाही घाईघाईने देहदंड देण्यात आला. जी राज्यसत्ता न्याय्य शिक्षा देते, तीच निरपराधाचाही बळी घेते, हे त्याला अगदी जवळून पाहावे लागले. दुःखी होऊन तो कार्थेज सोडून गेला. राज्याचा दंडाधिकार मात्र त्याने नाकारला नाही.

६. भूमिकेची काळी बाजू

चरित्रकाराने ऑगस्टीनच्या दयेबरोबर त्याच्या कठोरतेचीही नोंद घेतली पाहिजे. आरंभी तो धर्मविषयक बळजबरीच्या विरुद्ध होता. सम्राटाच्या कायद्यांच्या धाकाने त्याचे स्वतःचे गाव थागास्ते डोनॅटिस्टांकडून परत फिरले, हे पाहून त्याचे मत बदलले. दंड व जप्ती यांसारख्या उपायांचे त्याने समर्थन केले आणि मेजवानीच्या दृष्टांतातील, पाहुण्यांना आग्रहाने आत आणण्याच्या आज्ञेचा त्यासाठी आधार घेतला. मृत्युदंडाला त्याने येथेही विरोध केला. परंतु पुढील शतकांत पाखंडाच्या आरोपावरून माणसे मारणाऱ्यांनी त्याचे बळजबरीचे समर्थन उचलले आणि त्याची विनवणी मागे टाकली.

७. अखेरची वर्षे

रोमन सेनानी बोनिफेस याला पत्नीच्या मृत्यूनंतर संन्यस्त जीवन स्वीकारावयाचे होते. सैन्यात राहून प्रदेशाचे रक्षण कर, असा सल्ला ऑगस्टीनने त्याला दिला. एका पत्रात त्याने बोनिफेसला समजाविले की, युद्ध हे शांततेसाठीच करावे आणि शरण आलेल्या शत्रूवर दया करावी. ४२९ मध्ये व्हँडल टोळ्या आफ्रिकेत उतरल्या. त्याच सुमारास तहासाठी आलेल्या दरायस या अधिकाऱ्याला वृद्ध ऑगस्टीनने लिहिले की, तलवारीने माणसे मारण्यापेक्षा शब्दांनी युद्धच संपविणे अधिक गौरवाचे आहे. आयुष्यभर शब्दांवर विश्वास ठेवलेल्या माणसाचे हे मत होते.

तह टिकला नाही. ४३० मध्ये व्हँडलांनी हिप्पोला वेढा दिला. पराभूत बोनिफेस त्याच शहरात आश्रयाला आला होता. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात, २८ ऑगस्ट ४३० रोजी, ऑगस्टीनचे निधन झाले. शेवटच्या दिवसांत त्याने पश्चात्तापाची स्तोत्रे भिंतीवर लावून घेतली होती आणि ती वाचताना तो रडत असे.

८. सारांश

ऑगस्टीनने युद्ध व देहदंड यांना ख्रिस्ती विचारात स्थान दिले. योग्य सत्ता, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू ही तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने मांडलेली सूत्रे त्याच्या विचारांतूनच आली. परंतु त्याने जे तत्त्वतः मान्य केले, ते प्रत्यक्षात टाळण्यासाठी तो वारंवार याचना करीत राहिला. श्रद्धा आणि तलवार यांचा मेळ त्याने घातला, तो दुःख आणि दया या दोन अटींवर. त्याच्या नावाने युद्धाचे समर्थन करणाऱ्यांनी या अटी किती पाळल्या, हे तपासणे हाच त्याच्या विचाराचा खरा अभ्यास होय.

९. स्वाध्याय

१. ख्रिस्ती धर्म राजधर्म झाल्यामुळे युद्धाविषयीचा प्रश्न कसा बदलला, ते लिहा.
२. मार्सेलिनसच्या प्रकरणाच्या आधारे देहदंडाविषयीच्या ऑगस्टीनच्या भूमिकेचे विवेचन करा.
३. 'मनात द्वेष न ठेवता शस्त्र उचलणे शक्य आहे' या विचाराची चिकित्सा आपल्या शब्दांत करा.