मागच्या खुर्चीतून नियामक मंडळात

१४ जानेवारी ही तारीख आपल्या समाजाला पाठ आहे. १९९४ साली याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले आणि त्यासाठी किती घरे जळाली, हेही आपण विसरलेलो नाही. मात्र याच तारखेला, १९४६ साली, अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठाच्या दारात २१ वर्षांची एक कृष्णवर्णीय तरुणी प्रवेशअर्ज घेऊन उभी राहिली होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तिचे नाव एडा लोइस सिप्युएल. विद्यापीठ होते ओक्लाहोमाचे, नॉर्मन गावातले, १८९० साली स्थापन झालेले. तिला कायदा शिकायचा होता.

एडा यांचा जन्म १९२४ साली चिकाशा या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. १९२१ साली टल्सा शहरात गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची वस्ती जाळली. त्या आगीतून वाचून हे कुटुंब चिकाशाला आले होते. कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या लँगस्टन विद्यापीठातून एडा १९४५ साली चांगल्या गुणांनी पदवीधर झाल्या. विद्यापीठाविरुद्ध लढायला आधी त्यांच्या भावाचे नाव पुढे आले होते. त्याने दुसरा मार्ग निवडला, तेव्हा बहीण पुढे झाली. अर्ज द्यायला जाताना तिच्यासोबत ‘ब्लॅक डिस्पॅच’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे संपादक रॉस्को डंजी होते. शोषितांचे वृत्तपत्र नुसती बातमी छापून थांबत नाही, ते लढ्यात उतरते, हे आपण जाणतोच.

तेव्हाच्या ओक्लाहोमात गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवणे हा गुन्हा होता. एकत्र बसणाऱ्या गोऱ्या विद्यार्थ्यालाही दररोज २० डॉलरपर्यंत दंड होऊ शकत होता. विद्यापीठाचे अध्यक्ष जॉर्ज क्रॉस यांनी प्रवेश नाकारला. पण एडा पात्र आहेत, नकाराचे कारण केवळ वर्ण आहे, असे त्यांनी लेखी दिले. गुण कमी पडले, कागद अपुरे आहेत, अशी पळवाट त्यांनी शोधली नाही. त्या एका कागदावर खटला उभा राहिला.

राज्यातील न्यायालयांत एडा हरल्या. सर्वोच्च न्यायालयात थर्गुड मार्शल यांनी बाजू मांडली आणि १२ जानेवारी १९४८ रोजी निकाल लागला. गोऱ्यांना कायद्याचे शिक्षण मिळते तसे एडा यांनाही राज्याने विनाविलंब दिले पाहिजे, असा तो निकाल होता. यावर सरकारने काय करावे? काही दिवसांतच राज्याच्या विधानभवनातील काही खोल्यांत तीन शिक्षक बसवले आणि हेच कृष्णवर्णीयांचे विधी महाविद्यालय, असे जाहीर केले! एडा यांनी तिथे पाऊल ठेवले नाही. त्या पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तिथे या वेळी त्यांचे म्हणणे फेटाळले गेले. तरीही त्या त्या खोल्यांत गेल्या नाहीत. स्वतंत्र सोय म्हणजे हक्क नव्हे, तो सभ्य भाषेतला नकार आहे, हे त्यांना पक्के कळले होते.

शेवटी १८ जून १९४९ रोजी त्यांना नॉर्मनमध्ये प्रवेश मिळाला. अर्जाला तीन वर्षे उलटून गेली होती. पण वर्गात गेल्यावर काय दिसले? सर्वांत मागे एक वेगळी खुर्ची, तिच्यावर वर्णाची पाटी. भोजनगृहातही जेवायचे टेबल वेगळे. साताऱ्याच्या शाळेत स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसणारे बाल भीमराव इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. निकाल हाती येणे आणि हक्क पदरात पडणे यांत किती अंतर असते, हे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणारा प्रत्येक वकील जाणतो.

हे अंतर त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या एका लढ्याने मिटवले. जॉर्ज मॅक्लॉरिन हे उतारवयातले कृष्णवर्णीय शिक्षक तिथे डॉक्टरेटसाठी आले होते. त्यांनाही वर्गाबाहेरच्या खोलीत बसवले जाई. ५ जून १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, प्रवेश दिल्यावर विद्यार्थ्याला वेगळे वागवता येणार नाही. १९५४ साली शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा जो ऐतिहासिक निकाल लागला, त्याची पायाभरणी अशा खटल्यांनी केली.

एडा यांनी कायद्याची पदवी घेतली आणि आपल्याच गावात वकिली सुरू केली. पुढे लँगस्टनमध्ये त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. १९९२ साली राज्यपालांनी त्यांची ओक्लाहोमा विद्यापीठाच्या नियामक मंडळावर नेमणूक केली. त्यांच्या खटल्यात प्रतिवादी होते तेच हे मंडळ! १९९५ साली त्यांचे निधन झाले. आज नॉर्मनच्या आवारात त्यांच्या नावाची बाग आहे.

बाग पाहून आपण समाधान मानू नये. विद्यापीठे नाव देतात, पुतळे उभारतात. पण आपल्या मुलामुलींना वसतिगृहात, प्रयोगशाळेत, मार्गदर्शकाच्या दालनात आजही न दिसणारी पाटी लावलेली मागची खुर्ची मिळते काय, हा खरा प्रश्न आहे. मिळत असेल तर ती निमूटपणे स्वीकारू नका. नकार लेखी मागा. तो कागद जपून ठेवा. लढा तिथूनच सुरू होतो.