आल्फ्रेड ब्यूखी : इंजिनाच्या धुराला कामाला लावणारा अभियंता

अल बर्शाची निवासी वस्ती मागे पडून अल कूझचा औद्योगिक भाग सुरू होतो, तेथे गॅरेजांच्या रांगाच्या रांगा आहेत. बांधकामाच्या जागी माल पोहोचवणाऱ्या, वाळवंटात ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल पिकअप गाड्या दुरुस्तीला येतात त्या येथेच. गाडी चढावर दमते, वातानुकूलन चालू केले की ओढ कमी होते, अशी तक्रार मालक करतो आणि त्यावर मूळचा टर्बोचार्जर काढून मोठा बसवावा, असा सल्ला हमखास मिळतो. गोगलगाईच्या शंखासारखा दिसणारा हा ओतीव लोखंडी भाग ज्याच्या कल्पनेतून जन्मला, त्या आल्फ्रेड ब्यूखीचे नाव जगभरच्या अभियांत्रिकीच्या ग्रंथांत आदराने घेतले जाते. मोठा टर्बो बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाने त्याचे चरित्र एकदा समजून घ्यावे, असे त्यात बरेच काही आहे.

ब्यूखीचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर या गावी झाला. सुल्झर बंधूंचा यंत्रकारखाना ही या गावाची ओळख. ब्यूखीचे वडील याच कारखान्यात वरिष्ठ पदावर होते. योगायोग असा, की विषमज्वरामुळे अंतिम परीक्षा हुकलेला रुडॉल्फ डिझेल नावाचा एक तरुण त्याच १८७९ साली सुल्झरच्या कारखान्यात उमेदवारी करत होता. पुढे ज्याच्या नावाने इंजिन ओळखले जाऊ लागले तो डिझेल, आणि त्या इंजिनाला नवे बळ देणारा ब्यूखी, या दोघांच्या आयुष्यांना एकाच गावाचा स्पर्श झाला.

ब्यूखीने झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९०३ मध्ये तो पदवीधर झाला. वाफेच्या टर्बाइनचे थोर अभ्यासक आउरेल स्तोदोला त्या काळात तेथे अध्यापन करत होते. शिक्षणानंतर बेल्जियम व इंग्लंडमध्ये नोकरी करत असताना ब्यूखीच्या मनाला एका प्रश्नाने घेरले. इंजिनात जळणाऱ्या इंधनातील उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश भाग धुरावाटे निघून जातो. इतकी ऊर्जा हवेत सोडून देणे त्याला पटेना. या धुराने एक चक्र फिरवावे, त्या चक्राने हवा दाबणारा पंखा फिरवावा आणि ती दाबलेली हवा पुन्हा इंजिनातच भरावी, असा विचार त्याने मांडला. हवा अधिक भरली की इंधनही अधिक जाळता येते आणि त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती मिळते. या कल्पनेसाठी नोव्हेंबर १९०५ मध्ये त्याने जर्मन पेटंटचा अर्ज केला. तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता.

पेटंट हाती आले, पण पुढची वीस वर्षे खडतर गेली. १९०९ मध्ये तो सुल्झरमध्ये परतला. १९११ पासून तेथे प्रयोग सुरू झाले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने टर्बोयुक्त डिझेल इंजिनाचा नमुना पुढे ठेवला. मात्र तप्त धुराच्या माऱ्यात दीर्घकाळ टिकतील असे धातू त्या काळी नव्हते आणि हवा दाबणारे पंखेही पुरेसे कार्यक्षम नव्हते. शक्ती वाढेल, पण भरवसा राहणार नाही, अशी शंका घेणारेच अधिक होते. ब्यूखीने मात्र ही वाट सोडली नाही.

या चिकाटीचे फळ १९२५ च्या पेटंटमध्ये दिसते. तोवर ब्यूखीच्या ध्यानात आले होते, की टर्बो हा इंजिनाच्या बाहेर टांगलेला अलग भाग मानून चालणार नाही. सिलिंडरमधून धूर सलग वाहत नाही, तो एकामागून एक ठोक्यांनी बाहेर पडतो. सगळ्या सिलिंडरांचा धूर एकाच नळीत आणला तर एका सिलिंडरचा ठोका दुसऱ्याच्या वाटेत अडथळा होतो. म्हणून त्याने सिलिंडरांचे गट पाडले, प्रत्येक गटाची धुराची नळी वेगळी ठेवली आणि प्रत्येक ठोक्यातील जोर थेट टर्बाइनपर्यंत नेला. शिवाय आत येणारी व बाहेर जाणारी अशा दोन्ही झडपा क्षणभर एकाच वेळी उघड्या राहतील, अशी योजना केली. त्या क्षणी ताजी हवा सिलिंडरमधून वाहत जाऊन उरलासुरला धूर हुसकावून लावी आणि तप्त भागांना थंडावाही देई. झडपा, नळ्या, पंखा आणि टर्बाइन ही सगळी एकाच हिशेबात बसली, तेव्हा कुठे यंत्र साधले.

जर्मनीच्या ‘प्रॉइसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन प्रवासी जहाजांनी हे जगाला दाखवून दिले. १९२६ मध्ये पाण्यात उतरलेल्या या जहाजांतील दहा सिलिंडरच्या इंजिनांची शक्ती ब्यूखीच्या पद्धतीमुळे १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. त्याच सुमारास सुल्झर सोडून ब्यूखीने आपल्या पेटंटांच्या प्रसारासाठी स्वतंत्र संस्था उभारली. ब्राउन बोव्हेरी कंपनीने टर्बो घडवायचे आणि विंटरथूरच्या रेल्वे इंजिन कारखान्याने चाचणीसाठी डिझेल इंजिने पुरवायची, असे सहकार्य ठरले. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्याच साउरर कंपनीने टर्बोयुक्त डिझेल इंजिन मालमोटारीत आणले. समुद्रावरची कल्पना रस्त्यावर आली.

ब्यूखीच्या हयातीतच त्याच्या शोधाचे सामर्थ्य आणि त्याची दुखरी बाजू एकाच शर्यतीत दिसली. १९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतीत कमिन्स कंपनीच्या टर्बोयुक्त डिझेल गाडीने पात्रता फेरीत सर्वाधिक वेग गाठून पहिले स्थान पटकावले. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र धावपट्टीवरचे रबराचे कण आणि कचरा टर्बोच्या हवा घेणाऱ्या तोंडात साचला आणि ७१ व्या फेरीनंतर गाडीला बाहेर पडावे लागले. याच कमिन्सशी किर्लोस्करांनी सहकार्य केले आणि १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाली. मराठी कामगार-अभियंत्यांच्या कित्येक पिढ्यांचा संसार त्या डिझेल इंजिनांवर उभा राहिला. तो दिवस पाहायला ब्यूखी नव्हता. २७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथूरमध्येच त्याचे निधन झाले होते.

आता पुन्हा अल कूझच्या गॅरेजकडे वळू. येथील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. १५ अंशांच्या तुलनेत ४८ अंशांची हवा सुमारे दहा टक्के विरळ असते. म्हणजे पंख्याला अधिक श्रम पडतात आणि दाबलेली हवा आणखी तापते. ती थंड करणारा इंटरकूलर धुळीने बुजलेला असेल, तर मोठा टर्बो बसवूनही पदरात फारसे काही पडत नाही. मोठे चक्र गती घ्यायला वेळ लावते, त्यामुळे सिग्नलवरून निघताना गाडी पूर्वीपेक्षा मंद वाटते. मग कोणी नुसते इंधन वाढवून देतो. हवा पुरेशी नसताना इंधन वाढले की काळा धूर येतो, धुराचे तापमान चढते आणि पिस्टन व टर्बाइन दोन्ही धोक्यात येतात.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. म्हणून जाणता मेकॅनिक टर्बोबरोबर तेलाची नळी व गॅस्केटे बदलतो, हवेच्या फिल्टरची फट तपासतो, इंजिन सुरू करण्याआधी टर्बोत तेल भरतो आणि इंधनाचे प्रमाण नव्या टर्बोशी जुळवून घेतो. जुना टर्बो का गेला, हे तो आधी शोधतो; कारण तेच राहिले तर नवाही तसाच जातो. इंजिनातील अशा बदलाला येथे अधिकृत परवानगी लागते, हेही तो गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

पिकअप हे अनेकांच्या पोटापाण्याचे साधन आहे. ते आठवडाभर गॅरेजात अडकले तर मजुरी बुडते आणि इंजिन बसले तर गावी पाठवायचे पैसे तेथेच खर्ची पडतात. इंजिनाचा संपूर्ण हिशेब जुळवायला खुद्द ब्यूखीला वीस वर्षे लागली. मोठा टर्बो घेण्यापूर्वी निदान एक दिवस त्या हिशेबाला द्यावा. फिल्टर, इंटरकूलर आणि नळ्यांच्या गळत्या नीट तपासल्या, तर पुष्कळदा जुन्याच टर्बोने गाडी पुन्हा पहिल्यासारखी ओढू लागते.