बाबा पदमनजी आणि त्यांची यमुना

रचलेली गोष्ट लिहिणें किंवा वाचणें ख्रिस्ती मनुष्यास शोभतें काय, आणि तींत नवराबायकोच्या प्रीतीचें वर्णन असलें तर ती मंडळींत वाचून दाखवावी काय, असा प्रश्न कित्येक भाविक बंधूंच्या मनांत येतो. त्याचा निर्णय वाद घालून करण्यापेक्षां एका देवभक्त पुरुषाचें चरित्र पाहून करणें बरें. तो पुरुष म्हणजे बाबा पदमनजी होत.

बाबांचा जन्म १८३१ सालीं मे महिन्यांत बेळगांव येथें एका कासार कुटुंबांत झाला. घरांत जुन्या धर्माचें वळण कडक होतें. उपासतापास, पोथीपुराण व सोंवळेंओंवळें ह्यांमध्यें त्यांचें बाळपण गेलें. तरी मुलानें इंग्रजी विद्या शिकावी अशी वडिलांची इच्छा असल्यामुळें बाबा बेळगांवच्या मिशन शाळेंत जाऊं लागले. पुढें मुंबईस येऊन त्यांनीं फ्री चर्चच्या विद्यालयांत अभ्यास केला. तेथें १८४३ सालीं बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री ह्यांच्यासारख्या मनुष्यांचा सहवास त्यांस घडला, आणि पवित्र शास्त्राचें वाचन नित्याचें झालें.

त्या काळीं मुंबईंत परमहंस मंडळी नांवाची एक गुप्त सभा होती. ती १८४९ सालीं निघाली. देव एक आहे व जातिभेद खोटा आहे, असें तिचे सभासद मानीत, आणि दारें लावून एकमेकांच्या हातचें खात. परंतु बाहेर पडल्यावर ते आपआपल्या जातींत पूर्ववत् वागत. बाबाही ह्या सभेंत होते. पटलेलें सत्य झांकून ठेवणें किती सोपें असतें आणि त्यापासून जिवास किती थोडी शांति मिळते, हें त्यांनीं तेथें पाहिलें. ख्रिस्त हाच तारणारा आहे अशी खातरी झाल्यावरही आईबापांच्या मायेमुळें व जातीच्या भयामुळें ते पुष्कळ दिवस थांबले. अखेरीस ३ सप्टेंबर १८५४ रोजीं बेळगांव येथेंच त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ज्या गांवांत सर्व जण त्यांस ओळखत होते, त्याच गांवांत त्यांनीं उघडपणें प्रभूचें नांव पतकरिलें. ह्यास काय किंमत पडते, हें आपल्या पुष्कळ वाचकांस सांगावयास नको.

स्त्रियांच्या दुःखाकडे बाबांचें लक्ष पूर्वींच गेलें होतें. स्त्रियांनीं विद्या शिकावी ह्याविषयीं त्यांनीं १८५२ सालींच एक निबंध लिहिला होता. पुढें १८५६ सालीं विधवांच्या पुनर्विवाहास मोकळीक देणारा कायदा झाला. परंतु कायद्यानें लग्न सशास्त्र ठरलें, तरी घरांतील माणसांचें मन त्यानें कसें बदलणार? सासरीं कोपऱ्यांत बसलेल्या मुलीस त्या कायद्याची वार्ताही नव्हती. तिचे केस पूर्वींप्रमाणेंच उतरले जात, तिला एकवेळ जेवावें लागे, आणि तिचें तोंड पाहणें अशुभ मानलें जाई. पुढें १८६९ सालीं मुंबईंत असा एक पुनर्विवाह झाला, तेव्हां त्याचा पक्ष घेणाऱ्या मोठमोठ्या विद्वानांवरही बहिष्कार पडला.

अशा काळीं, म्हणजे १८५७ सालीं, बाबांनीं यमुनापर्यटन नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या वेळीं ते सव्वीस वर्षांचे होते. मराठी भाषेंतील पहिली कादंबरी म्हणून आज साहित्याचे अभ्यासक तिचें नांव घेतात.

तिची कथा साधी आहे. यमुना ही लिहितां वाचतां येणारी, समंजस मुलगी. तिचा पति विनायकराव सुशिक्षित व प्रेमळ आहे. तो तिला दासी न समजतां आपल्या बरोबरीची समजतो. मनांतील गोष्ट तिला सांगतो आणि तिचें ऐकून घेतो. हीं दोघें प्रवासास निघतात. वाटेंत त्यांस ठिकठिकाणीं विधवा भेटतात. कोणी छळानें गांजलेली, कोणी फसविली गेलेली, कोणी जगण्यास कंटाळलेली. त्यांच्या कहाण्या ऐकून यमुनेचें मन कळवळतें. पुढें विनायकराव मरण पावतो, आणि जें दुःख ती दुसऱ्यांच्या घरीं पाहून आली, तेंच तिच्या स्वतःच्या कपाळीं येतें. परंतु कथा तेथें संपत नाहीं. यमुना प्रभूच्या मंडळींत येते, आणि एका ख्रिस्ती तरुणाशीं तिचा पुनः विवाह होतो.

ह्या पुस्तकांत दोष नाहींत असें नाहीं. पात्रें पुष्कळदां लांबलांब भाषणें करितात, आणि कित्येक ठिकाणीं गोष्ट थांबून उपदेश पुढें चालतो. परंतु त्यांतील दुःख कल्पनेचें नव्हे. बाबांनंतर आलेल्या मुक्तामाला (१८६१) व मंजुघोषा (१८६८) ह्या कादंबऱ्यांत अद्भुत प्रसंग व राजवाड्यांतील प्रीति ह्यांची रेलचेल झाली. साध्या घरांतील स्त्रीचें दुःख मराठी कादंबरीच्या मध्यभागीं पुनः ठळकपणें आलें तें हरि नारायण आपटे ह्यांच्या लेखणीनें, सुमारें तीस वर्षांनीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. दावीद राजानें घोर पाप केलें तेव्हां नाथान संदेष्ट्यानें त्यास प्रथम नियमशास्त्र वाचून दाखविलें नाहीं. त्यानें गरीब मनुष्याच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली. ती मेंढी कोणाच्याही गोठ्यांत नव्हती. तरी त्या गोष्टीनें राजाचें हृदय भेदलें. आपला प्रभूही दाखल्यांनीं शिकवीत असे. आणि विधवेच्या पुनर्विवाहाची कथा पाहिजे असेल, तर रूथचें पुस्तक उघडावें. परदेशीय विधवा रूथ शेतांत सरवा वेंचावयास जाते, बवाज तिच्याशीं दयेनें व मर्यादेनें वागतो, आणि त्यांच्या विवाहापासून दावीदाचा वंश चालतो. जी प्रीति देवाच्या वचनांत सन्मान पावली, ती आपण ओशाळवाणी मानूं नये. पाहावयाचें तें इतकेंच कीं, गोष्ट वाचकाची वासना चाळविते, कीं त्यास शेजाऱ्याचें दुःख पाहावयास लावून विवाहाचा मान वाढविते.

बाबांचें पुढील आयुष्य लिहिण्यांत व मंडळीच्या सेवेंत गेलें. ते पुण्यास पाळक होते. मोल्सवर्थ साहेबांच्या मोठ्या मराठी कोशाचा त्यांनीं केलेला संक्षेप १८६३ सालीं निघाला. सत्यदीपिका व कुटुंबमित्र हीं पत्रें त्यांनीं चालविलीं, नव्या करारावर टीका लिहिली, आणि अरुणोदय ह्या आत्मचरित्रांत आपल्या अंतःकरणांत उजेड हळूहळू कसा पडत गेला तें सांगितलें. लहानमोठीं मिळून शंभरांवर पुस्तकें त्यांच्या हातून झालीं. २९ ऑगस्ट १९०६ रोजीं मुंबईंत ते प्रभूमध्यें निजले.

ज्या पुरुषानें कोश केला, शास्त्राची टीका केली व व्यासपीठावरून उपदेश केला, त्यानेंच एका तरुण जोडप्याची गोष्टही लिहिली. ही सर्व त्यानें एकच सेवा मानली. म्हणून उपदेशक बंधूंनो, संध्याकाळीं गांवांतील बायामाणसें जमलीं असतां अशी एखादी निर्मळ गोष्ट वाचावयास संकोच करूं नका. आणि वाचून झाल्यावर आपआपल्या गांवांत एकटी पडलेली यमुना कोणत्या घरांत आहे, ह्याचा विचार करा. तिला मंडळींत बसावयास जागा, बोलावयास सोबत, आणि तिची इच्छा असल्यास पुनः संसार थाटण्याची मोकळीक आपण देतों काय? ह्याचें उत्तर आपल्या वागणुकीनें द्यावयाचें आहे.